चित्र लेकीचं, हातही लेकीचाच



आम्ही बचत गटाच्या अकरा जणी. आमच्यातल्या तिघी आज माइकसमोर बसल्या आहेत, बाकीच्या घरी रेडिओ लावून ऐकत आहेत. मागच्या वेळी आम्ही शेळीच्या लसीकरणावर बोललो होतो. आज विषय वेगळा आहे. शाळेतून मुलं एक चिठ्ठी घेऊन येतात, ‘चित्रकला आणि छायाचित्र स्पर्धा, इच्छुकांनी नावं द्यावीत’. त्या चिठ्ठीचं आपण आयांनी काय करायचं, हे आज सांगणार आहोत.

तुम्ही म्हणाल, तुम्हाला यातलं काय कळतं? खरं आहे. आमच्यापैकी कुणीच चित्रकलेच्या वर्गात बसलेलं नाही. पण मागच्या वर्षी आम्ही या स्पर्धेत दोन चुका केल्या. चुका मुलांच्या नव्हत्या, आमच्या होत्या. त्या तुमच्याकडून होऊ नयेत म्हणून आज बोलायचं ठरवलं.

आमच्या तालुक्यात शाळांची एक स्पर्धा असते. तिचे दोन भाग. एक पोस्टरचा, म्हणजे चित्र आणि अक्षरं मिळून एखादी गोष्ट सांगायची. दुसरा फोटोचा. मोबाईलवर काढलेला फोटोही चालतो. मागच्या वर्षी पोस्टरचा विषय होता ‘पाणी’ आणि फोटोचा ‘माझं गाव’. गटातल्या दोघींच्या मुलींनी नावं दिली. एक आठवीतली, तिनं पोस्टर घेतलं. दुसरी नववीतली, तिनं फोटो.

आधी पोस्टरचं सांगतो. आठवीतल्या लेकीनं कागदावर काहीतरी काढायला घेतलं. आम्हाला ते काही बरं वाटेना. हंडा वाकडा, माणसं काड्यांसारखी. देण्याची तारीख दोन दिवसांवर आली होती. मग आम्हीच कंबर कसली. एकीनं कॅलेंडर आणलं, त्यावर पृथ्वीचा गोळा होता, त्याला नळ होता आणि गोळ्याच्या गालावर अश्रू. एकीचा रांगोळीचा हात चांगला, तिनं गोळा काढला. एकीनं रंग भरले. वर ठळक अक्षरांत ‘पाणी हेच जीवन’ लिहिलं. लेक बाजूला बसून रंगाच्या बाटल्यांची झाकणं लावत होती. पोस्टर छान झालं. आम्ही खूश.

स्पर्धेच्या दिवशी परीक्षक प्रत्येक मुलाजवळ थांबून प्रश्न विचारत होते. त्यांनी आमच्या लेकीला विचारलं, ‘बाळ, पृथ्वी का रडतेय?’ ती गप्प. ‘हा निळा रंग कसा केलास?’ ती गप्प. तिसरा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही, पुढच्या मुलाकडे गेले. रागावले नाहीत, काही बोलले नाहीत. लेक घरी आली आणि तिनं रंगाची पेटी पत्र्याच्या पेटीत टाकून दिली. दिवाळीपर्यंत तिनं ब्रश हातात घेतला नाही. पणत्यासुद्धा रंगवल्या नाहीत. आम्ही तिला विचारलं, काय झालं गं? ती म्हणाली, ‘माझं वाईट होतं म्हणून तुम्ही काढलंत ना?’ मैत्रिणींनो, त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं.

दुसरी चूक याहून मोठी. नववीतल्या लेकीनं आईच्या मोबाईलवर फोटो काढले. वेशीजवळ एक आजी राहतात, एकट्या असतात. भर दुपारी त्या हापशावरून घागर घेऊन निघाल्या होत्या. लुगडं खांद्यावर फाटलेलं, पायात चप्पल नाही. लेकीनं रस्त्याच्या पलीकडून फोटो घेतला. आम्ही सगळ्यांनी पाहिला आणि वा वा केलं. फोटोला नाव काय द्यायचं असा प्रश्न आला. आमच्यातलीच एक म्हणाली, ‘गरिबी’ असं दे. दिलं. तो फोटो निवडला गेला आणि तालुक्याच्या शाळेत भिंतीवर लागला.

चार दिवसांनी आजींच्या भाच्यानं त्यांना सांगितलं, आत्या, तुझा फोटो लागलाय, खाली गरिबी लिहिलंय. आजींनी आमच्या एका बाईला बांधावर गाठून विचारलं, ‘मी काय कुणाच्या दारात भीक मागत होते का? पाणी आणत होते. त्याला गरिबी कोण म्हणालं?’

कोण म्हणालं? आम्हीच म्हणालो होतो.

आम्ही गटाची बैठक घेतली. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ठरलं, जायचं आणि माफी मागायची. लेकीला पुढे घालायचं नाही, आपण पुढे व्हायचं. गेलो. आजींनी चहा ठेवला. आम्ही सांगितलं, आजी, नाव आम्ही दिलं, पोरीचा दोष नाही, तुम्हाला विचारायला हवं होतं. आजी म्हणाल्या, दाखव बघू फोटो. लेकीनं मोबाईल दिला. त्यांनी तो लांब धरून बघितला. म्हणाल्या, ‘काढलाय चांगला. पण विचारलं असतंस तर मी चांगलं लुगडं नेसले असते.’

लेक हळूच म्हणाली, ‘पण आजी, मग तो खरा फोटो झाला नसता ना?’

आजी म्हणाल्या, ‘का? चांगलं लुगडंही माझंच आहे की.’

हे एक वाक्य आम्ही त्या दिवसापासून विसरलेलो नाही. फाटकं खरं आणि चांगलं खोटं, असं आम्ही मनात धरूनच बसलो होतो. तालुक्याच्या शाळेत निरोप देऊन तो फोटो आम्ही उतरवून आणला.

या वर्षी पुन्हा चिठ्ठी आली. दोघी मुली आधी नको म्हणाल्या. मग आम्ही आयांनी ठरवलं की आपण एकही रेघ ओढायची नाही, पण बाकी सगळं करायचं. बाकी म्हणजे काय, ते आता नीट सांगतो. वही जवळ असेल तर लिहून घ्या.

पहिलं काम, नियमांचा कागद बैठकीत मोठ्यानं वाचायचा. आम्ही दोनदा वाचला. कोणत्या इयत्तेचा कोणता गट, कागद किती मोठा, रंग कोणते चालतात, विषय काय, शेवटची तारीख कोणती, मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का कुठे हवा. आमच्या स्पर्धेत पोस्टरला अर्धा इंपीरियल कागद सांगितला होता, म्हणजे १५ इंच बाय २२ इंच. मागच्या वर्षी एका मुलाचा कागद लहान निघाला म्हणून त्याचं चित्र बघितलंच गेलं नव्हतं. पोर महिनाभर राबतं आणि कागद मोजायला कुणाला सुचत नाही. मोजपट्टी आपल्याला धरता येते.

दुसरं काम, वेळ. तारखेच्या आधी तीन आठवडे आम्ही दोघी मुलींची संध्याकाळची भांडी आणि झाडलोट आपसांत वाटून घेतली. रोज एक तास. मैत्रिणींनो, खरं सांगतो, पोरीच्या हाताला वळण नसतं असं नाही, तिला तासभर बसायला मिळत नाही. घरातला मुलगा चित्र काढत बसला तर आपण त्याला उठवत नाही. मुलगी बसली की दहा मिनिटांत हाक मारतो. आम्हीही मारत होतो.

तिसरं, पोस्टर कसं करायचं. आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांना आम्ही विचारलं. त्यांनी सांगितलेलं असं. आधी मोठ्या कागदाला हात लावू नये. तळहाताएवढी तीन कच्ची चित्रं काढावीत आणि त्यातलं एक निवडावं. पोस्टर दहा पावलांवरून कळलं पाहिजे, कारण लोक ते चालता चालता बघतात. म्हणून एकच गोष्ट मोठी काढावी आणि शब्द पाच-सहाच ठेवावेत. पांढऱ्यावर पिवळी अक्षरं लांबून दिसत नाहीत. फिक्यावर गडद किंवा गडदावर फिकं ठेवावं. पोस्टर कलर फार पातळ केला की डाग राहतात, फार जाड लावला की वाळल्यावर तडकतो. दह्याच्या मठ्ठ्याएवढा धरावा. पहिला थर पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा लावू नये.

अक्षरांचंही सांगतो. आपली मराठी अक्षरं शिरोरेषेला लटकलेली असतात. म्हणून पेन्सिलीनं आधी वरची रेघ आणि खालची रेघ आखायची. ओळीतली अक्षरं मोजायची, मधलं अक्षर कागदाच्या मध्यावर धरायचं आणि तिथून दोन्ही बाजूंना जायचं. नाहीतर सुरुवातीची अक्षरं ऐसपैस आणि शेवटची चेंगरलेली होतात, एसटीत बसल्यासारखी. ऱ्हस्व-दीर्घ सरांकडून तपासून घ्यायचं. अक्षर म्हणजे काही कमी कला नाही. कमल शेडगे यांनी आयुष्यभर मराठी नाटकांची नावं अशी लिहिली, की नुसती अक्षरं बघून नाटक गमतीचं आहे की गंभीर ते कळावं. जुन्या वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिराती सापडल्या तर मुलांना जरूर दाखवा.

आता विषय. आठवीतली, म्हणजे आता नववीत गेलेली आमची लेक, दोन दिवस कॅलेंडरच शोधत होती. आम्ही ते लपवलं. तिला एवढंच विचारलं, पाणी म्हटल्यावर तुझ्या वर्गात काय दिसतं? ती म्हणाली, बाकावरची माझी मैत्रीण मार्चपासून टँकरच्या दिवशी येत नाही. टँकर सकाळी येतो, तिला रांगेत उभं राहावं लागतं. बस्स, पोस्टर तिथेच सापडलं. तिनं वर्गातला बाक काढला. बाकावर एक मुलगी आणि शेजारच्या जागेवर घागर. खाली लिहिलं, ‘टँकर आला, मैत्रीण गेली’. हंडा या वर्षीही थोडा वाकडाच होता. आमचे हात शिवशिवले. पण आम्ही हात पदरात धरून बसलो.

चौथं, फोटो. फोटोसाठी महागडा कॅमेरा लागत नाही, पण काही गोष्टी लागतात. मोबाईलची काच आधी मऊ स्वच्छ कापडानं पुसायची. आपल्या पिठाच्या बोटांनी ती कायम धुरकट असते. भर दुपारचं ऊन टाळायचं, चेहऱ्यावर काळ्या सावल्या पडतात. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी काढावा. दुपारीच काढायचा असेल तर माणसाला दाराशी सावलीत बसवून तोंड उजेडाकडे करावं. बोटांनी चित्र मोठं करून काढू नये, त्यानं फोटो फुटतो. त्यापेक्षा चार पावलं पुढे जावं. काही मोबाईल फोटोच्या कोपऱ्यात कंपनीचं नाव किंवा तारीख छापतात, ते आधी बंद करावं. कडेला थोडी जागा सोडावी, कारण मोबाईलचा फोटो ८ बाय १२ इंचाच्या कागदावर छापताना दोन बाजू कापल्या जातात. एका मुलाच्या फोटोत बैलाची शिंगंच गेली होती. आणि फोटो स्टुडिओत पाठवताना व्हॉट्सअपवर साधा पाठवू नये, तो बारीक होतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा, म्हणजे होता तसा पोचतो. इंटरनेटवरून उतरवलेला फोटो तर कधीच द्यायचा नाही, ती चोरी आहे.

पण या सगळ्याच्या आधीचा नियम आमच्या आजींनी शिकवला. माणसाचा फोटो घेण्याआधी विचारायचं. काढल्यावर त्याला दाखवायचं. कुठे लागणार आहे ते सांगायचं. फोटोखाली काय लिहिणार तेही वाचून दाखवायचं. नको म्हटलं तर पुसून टाकायचा. लहान मूल असेल तर त्याच्या आईला विचारायचं. आपल्या बाळंतिणीचा, आजारी माणसाचा, आंघोळीच्या जागेचा फोटो कुणी असा भिंतीवर लावला तर आपल्याला चालेल का, एवढं मनात धरलं तरी पुष्कळ आहे.

नववीतली, आता दहावीत असलेली लेक पुन्हा आजींकडे गेली. एकटीच गेली. आजी म्हणाल्या, काढ, पण मी वाकळ शिवताना काढ. तीन दिवस रोज सकाळी ती जाऊन बसायची. पहिल्या दिवशी आजी ताठ बसून मोबाईलकडेच बघत राहिल्या, तो फोटो पासपोर्टसारखा आला. तिसऱ्या दिवशी त्या तिला विसरल्या आणि टाके घालत राहिल्या. तेव्हाचा फोटो चांगला आला. अंगावर हिरवं लुगडं होतं, तेच चांगलं. नाव आजींनीच दिलं, ‘नातीची वाकळ’. नात शहरात असते, तिच्यासाठी शिवत होत्या.

पाचवं काम नावाचं. पोरीचं नाव नीट, पूर्ण आणि तिचंच लिहायचं. हे इतकं ठासून का सांगतो? होमाई व्यारावाला नावाच्या एका बाईंची गोष्ट ऐका. १९१३ साली गुजरातेत नवसारीला त्यांचा जन्म झाला, मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात त्या शिकल्या. आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांना ओळखतात. साडी नेसून, जड कॅमेरा घेऊन त्या दिल्लीत सायकलवरून फिरायच्या. ऑगस्ट १९४७ मध्ये लाल किल्ल्यावर तिरंगा फडकला, त्याचे फोटो त्यांनी काढले आहेत. पण सुरुवातीचे त्यांचे फोटो छापून आले ते नवऱ्याच्या नावानं, कारण त्या बाई होत्या आणि त्यांना कुणी ओळखत नव्हतं. २०११ साली सरकारनं त्यांना पद्मविभूषण दिलं, तेव्हा त्या नव्वदी ओलांडून गेल्या होत्या. ही गोष्ट बैठकीत सांगितल्यावर आमच्यातली एक म्हणाली, ‘मागच्या वर्षी आपण उलटं केलं. काम आपलं आणि नाव पोरीचं.’ दोन्ही चूकच. ज्याचा हात त्याचं नाव.

नाव चित्राच्या मागे पेन्सिलीनं लिहावं, स्केचपेनची शाई पुढे उमटते. आपला फोन नंबर पुढच्या बाजूला लिहू नये. फोटो काळ्या कार्डपेपरवर दुहेरी चिकटपट्टीनं लावावा, पातळ डिंकानं कागद फुगतो. पोस्टर घडी न घालता गुंडाळावं, चित्र बाहेरच्या बाजूला ठेवून. आमच्या इथे नळाच्या जाड पाइपाचा एक तुकडा होता, त्यात घालून दोन्ही तोंडांना प्लॅस्टिक बांधलं. एसटीत पाऊस गळला, पण पोस्टर कोरडं राहिलं.

खर्चाचंही सांगून टाकतो. रंग, कागद, छपाई आणि भाडं आम्ही गटाच्या फंडातून दिलं, ठराव लिहून. रंगाची पेटी आता गटाची आहे, कुणाच्याही मुलाला मिळते. ज्या मुलांना गोडी लागेल त्यांना कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या ग्रेड परीक्षांबद्दल शाळेत विचारायला सांगा. इंटरमीजिएट झालेल्यांना दहावीत वाढीव गुणही मिळतात, पण शाळेतून प्रस्ताव वेळेत जावा लागतो.

आता निकाल. फोटोला उत्तेजनार्थ मिळालं. प्रमाणपत्र लेकीच्या घरी आहे आणि फोटो आजींच्या घरी, देवाशेजारी. पोस्टरला काहीच मिळालं नाही. शेवटचं अक्षर चेंगरलं होतं. पण परीक्षक तिच्याजवळ थांबले तेव्हा ती दहा मिनिटं बोलत होती. घागर तिथे का ठेवली, मैत्रीण कोण, बाकाचा तपकिरी रंग लाल आणि हिरवा मिसळून कसा केला, सगळं सांगितलं. घरी येऊन म्हणाली, पुढच्या वर्षी अक्षरं आधी मोजणार.

पोस्टर परत आल्यावर आम्ही ते ग्रामपंचायतीत नेऊन लावलं. ग्रामसभेत एक आजोबा चष्मा लावून वाचत होते. मग आम्ही बायांनी विषय काढला, की टँकर शाळा सुटल्यावर का येऊ नये? आता तो बहुतेक वेळा साडेपाचला येतो. कधी चुकतो, तेव्हा पुन्हा सांगावं लागतं.

तेव्हा मैत्रिणींनो, शाळेतून चिठ्ठी आली तर ती चुलीत घालू नका. कागद मोजा, तारीख लिहून ठेवा, तासभर मोकळा करून द्या. आणि रेघ वाकडी आली तर येऊ द्या.

पुढच्या वेळी आमच्याच गटातल्या दोघी मिरचीच्या रोपवाटिकेवर बोलणार आहेत. तोपर्यंत नमस्कार.